गावाकडचा सर्व्हर ठाण्यातून चालू करायचाय? वेक-ऑन-लॅन की आयपीएमआय

रत्नागिरी-गुहागरकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर दापोली-श्रीवर्धनकडची कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. यूपीएस थोडा वेळ काढेल, मग मशीन बंद आणि तुम्ही ठाण्यात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) लाईट आली की आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, फुकटात काम होतं, पण लाईट ये-जा करत असेल तर मशीनचीही तेवढीच उठबस, म्हणून मी ती बंदच ठेवतो.

वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून खास संदेश पाठवून बंद मशीन उठवणं, स्वस्तात पडतं. तो संदेश म्हणजे मॅजिक पॅकेट, सहा एफएफ बाइट आणि पुढे मॅक अ‍ॅड्रेस (लॅन कार्डाचा सहा बाइटचा नंबर) १६ वेळा, झाले १०२ बाइट. लॉगिन वगैरे काही नाही, ज्याला मॅक माहीत तो उठवणार. पॅकेट ब्रॉडकास्टने (घरच्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम) जातं, राउटर सहसा ओलांडत नाही, म्हणून घरच्या नेटवर्कमध्ये एक रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) चालू ठेवावा लागतो, वायरगार्डने (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून खाजगी बोगदा) त्यात शिरायचं आणि तिथनं पॅकेट सोडायचं. सिमवरचं नेट असेल तर बहुतेक सीजीनॅट (एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला), बाहेरून आत येताच येत नाही, मग पायनेच एखाद्या व्हीपीएसला (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) आतून कनेक्शन धरून ठेवायचं. आणि खरी गोची अशी की लाईट पूर्ण जाऊन आली की काही लॅन कार्डं पॅकेट ऐकतच नाहीत, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तेव्हाच.

आयपीएमआय म्हणजे सर्व्हर बोर्डावरचीच लांबून ताबा घ्यायची सोय (डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयएलओ त्याच जातीतलं), तिला हा त्रास नाही, वेगळा छोटा प्रोसेसर असतो, लाईट आली की तो आधी जागा होतो, बहुतेकांत बायोसची स्क्रीनही दिसते. पण आयपीएमआय २.० मध्ये लॉगिनआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून अंदाज लावत पासवर्ड शोधता येतो) समोरच्याला मिळतो, हे २०१३ पासून माहितीये आणि मुळात प्रोटोकॉलच तसा आहे, त्यामुळे आयपीएमआयचा पोर्ट, यूडीपी ६२३, इंटरनेटवर उघडा नकोच, इथेही व्हीपीएन. बजेट असेल तर डोळे झाकून हेच घ्या.

मशीन उठली तरी डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्डला अडते. टँग सर्व्हर (नेटवर्कवरून डिस्क उघडायला मदत करणारा) ठेवला तर आपोआप उघडते, पण तो त्याच कपाटातल्या पायवर ठेवणं म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणं, चोर दोन्ही उचलून नेईल. त्यापेक्षा इनिट्रॅमएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी चालणारी छोटी लिनक्स) ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर टाका, एसएसएचने (लांबून सुरक्षित लॉगिन) आत जा, पासवर्ड स्वतः द्या, रात्री दोनला उठावं लागलं तरी चालेल. फक्त बूट पार्टिशन (जिथे हे सगळं असतं) सहसा एन्क्रिप्ट न केलेलं, उघडंच असतं, मशीनपाशी पोचलेला माणूस त्यात फेरफार करू शकतो, तेव्हा होस्ट की (एसएसएचमध्ये मशीनची ओळख) बदललेली दिसली तर पासवर्ड न टाकता आधी गावात फोन लावून मशीनपाशी कोण बसलंय ते विचारा.