सामायिक यार्डात कंटेनर ठेवावा की पत्र्याचं शेड मारावं?

चार जणांच्या सामायिक यार्डात सामानाची सोय करायची तर हेच दोन पर्याय, आणि मी दोन्ही वापरलेत म्हणून लिहितोय.

कंटेनरच्या मजबुतीत खोट नाही. २० फुटी रिकामा डबा साधारण सव्वादोन टनांचा, क्रेनने सकाळी उतरवला की दुपारी सामान भरायला मोकळे. उंदीर नाही, कुलूप तोडणं सोपं नाही. थंडीत पहाटे आतून छताला दव धरून थेंब गळतात, खोकी भिजतात, पण तेवढं चालवून घेता येतं.

बरेच जण तो 'हे काय बांधकाम थोडंच आहे, परवानगी कशाला' म्हणून घेतात, मीही तसाच घेतला. पण वाद झाला की डबा केवढा आहे, जमिनीला बांधलाय का, किती दिवस एकाच जागी उभा आहे, हेच बघतात. मी खाली सिमेंटचे ठोकळे टाकलेले, लाईटची वायर ओढलेली, वर्ष उलटून गेलेलं, मग ती हलवता येणारी वस्तू आहे हे पटवणं अवघडच गेलं.

तरी तेही निस्तरलं असतं. मला नको झालं ते दारामुळे. डबा ६.०६ मीटर लांब, २.४४ रुंद, तेवढीच जागा मोजून मी खुणा केल्या होत्या, पण दाराचे दोन पल्ले प्रत्येकी जवळपास १.२ मीटरचे, दोन्ही बाहेर उघडतात आणि पार मागे बाजूला टेकवायचे तर वळताना येण्याजाण्याची वाट अडवतात. शेजारच्या गाळेवाल्यांचा टेम्पो रिव्हर्स आला की हॉर्न, मी हातातलं सामान टाकून पल्ले ओढायला पळायचो, दिवसातून तीन-चार वेळा. एक दिवस त्यांनी खडूने कोब्यावर माझ्या दाराची फिरकी गोल आखली आणि म्हणाले, "दादा, एवढी जागा सगळ्यांची आहे ना?" बरोबरच होतं त्यांचं. पुढे त्यांच्या हरकतीच्या अर्जाला त्याच खडूच्या रेघेचा फोटो जोडलेला होता.

शेडला वेळ जातो. नकाशा, सगळ्यांच्या सह्या, मग परवानगी, मग खांब. आमचे तीन दिवस तर पागोळ्यांचं पाणी कुणाच्या बाजूला पडणार यातच गेले. पावसात पत्रा वाजतो आणि चोरीच्या बाबतीत डब्याची सर नाहीच. पण जी काय वादावादी झाली ती कागदावर, सामान यायच्या आधी झाली, आणि शटर वर जातं, बाहेर कुणाची इंचभर जागा खात नाही. आता ते दिवसभर उघडं असतं, टेम्पो समोरून जातो.

दारापुढे तुमच्या एकट्याची दीड-दोन मीटर जागा असेल किंवा काम थोड्याच महिन्यांचं असेल तर कंटेनरही चांगला, फक्त परवानगी लागते का हे लेखी विचारा आणि सहमालकांची संमतीही लेखी घ्या. नाहीतर मी शेडच म्हणेन. आणि कंटेनरच घ्यायचा असेल तर क्रेन बोलवायच्या आधी दाराचा गोल स्वतःच खडूने आखा, आणि बाकीच्यांच्या गाड्या एक दिवस त्याच्या बाहेरून नेऊन बघा.