ओपीडीत दारूविषयी विचारताना : केज घ्यावी की ऑडिट?

पेशंटला दारूविषयी पद्धतशीर विचारायचं ठरवलं की कुठली प्रश्नावली घ्यायची हा प्रश्न येतोच. नावं बरीच कानावर येतात, पण आपल्याकडच्या गर्दीत निवड होते ती दोघींतच : चार प्रश्नांची केज आणि दहा प्रश्नांची ऑडिट. १९७१ची मास्ट पंचवीस प्रश्नांची आहे. बाहेर रांग लागलेली असताना ती पूर्ण विचारून होईल असं मला वाटत नाही, म्हणून तिला बाजूला ठेवतो. मी तालुक्याच्या गावी जनरल ओपीडीत समुपदेशक म्हणून बसतो. दोन्ही प्रश्नावल्या भरपूर वापरल्या आणि शेवटी एकीवर स्थिरावलो. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्यांसाठी हा हिशोब वेगळा असेल. मी बोलतोय ते ताप, पित्त, पाठदुखी घेऊन आलेल्या माणसाबद्दल.

आधी केजबद्दल, कारण तिचे गुण खरे आहेत. जॉन युइंग यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ती तयार केली आणि १९८४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. दारू कमी करावी असं कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं म्हणून राग आला का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी उठल्या उठल्या उतारा घ्यावा लागला का? दोन ‘हो’ आले की पुढे चौकशी करायची. कागद लागत नाही, बेरीज लागत नाही, बीपी बघता बघता विचारून होतं. चौथा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. ‘सकाळी थोडी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत’ असं कुणी म्हणालं की गुण मोजत बसू नये. अशा माणसाला ‘आजपासून बंद करा’ असं सांगून घरी पाठवणं धोक्याचं असतं. दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायला हवं. ऑडिटमध्येही हा प्रश्न आहे, सहावा.

माझा केजवरचा आक्षेप बाकीच्या तीन प्रश्नांबद्दल आहे, आणि माझा निर्णय त्यावरच झाला.

माळकरी घरातला तरुण पोरगा घ्या. कॉलेजच्या मित्रांबरोबर दोन-तीन महिन्यांतून एकदा बियर घेतो. घरी वास आला, वडील बोलले, हा चिडला. आईच्या डोळ्यांत पाणी बघून त्याला अपराधी वाटलं आणि आता बंदच करावी असंही वाटलं. केजमध्ये त्याचे चारपैकी तीन ‘हो’. त्याच दिवशी पन्नाशीचे एक काका येतात. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, वर्षानुवर्षं. गल्लीतले सगळेच पितात, त्यामुळे कोणी काही बोलत नाही. पगार घरी देतात, म्हणून अपराधीही वाटत नाही. कमी कशाला करायची? सकाळी घेत नाहीत. चारही उत्तरं ‘नाही’. केजच्या हिशोबाने पोरगा अडचणीत आणि काका ठणठणीत! अशा जोड्या मला वारंवार भेटत गेल्या. केज दारू मोजतच नाही, ती घरच्यांचं दारूबद्दलचं मत मोजते, असं माझं मत तेव्हापासून झालं. जिथे पिण्याबद्दलची मतं घराघरांत साधारण सारखी असतील तिथे हे चालत असेल. आपल्याकडे एका वाड्यात तुळशीची माळ आणि पलीकडच्या वाड्यात रोजची बाटली असते.

त्यात केजच्या प्रश्नांत ‘कधी’ म्हणजे आयुष्यात कधीही. पाच वर्षांपूर्वी दारू सोडलेला माणूस प्रामाणिकपणे उत्तरं देतो आणि चारपैकी चार मिळवतो. ज्याने जिवाच्या करारावर सोडली त्याच्या कागदावर तो आकडा लिहिताना मला फार वाईट वाटायचं.

ऑडिट जागतिक आरोग्य संघटनेची. ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या दवाखान्यांतल्या पेशंटांवरून ती बेतली आणि १९९३ साली प्रसिद्ध झाली. पहिले तीन प्रश्न किती वेळा आणि किती पिता याचे, पुढचे तीन दारूने कितपत पकड घेतली आहे याचे, शेवटचे चार नुकसानीचे. प्रत्येक प्रश्नाला ४पर्यंत असे एकूण गुण ४०, आणि ८पासून पुढे लक्ष द्यायचं. बहुतेक प्रश्न गेल्या वर्षभरापुरतेच आहेत. दारू सोडलेल्या माणसाला पहिल्याच प्रश्नावरून थेट नवव्या-दहाव्यावर नेता येतं. तिथे जुनी दुखापत, जुनी घरच्यांची काळजी नोंदली जाते आणि फार तर ४ गुण होतात.

ऑडिटविरुद्धची तक्रार मला ठाऊक आहे : तिचं ‘एक ड्रिंक’ म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, आणि असं माप आपल्याकडे कुणीच वापरत नाही. पण हे एकदा बसून सोडवता येतं. लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेल्या व्हिस्की-रमचा ३० मिलिचा स्मॉल पेग म्हणजे जवळजवळ बरोबर एक ड्रिंक. नाइंटी म्हणजे तीन, १८०ची क्वार्टर म्हणजे सहा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलिची बाटली चार ड्रिंकची, हे ऐकून ‘मी फक्त बियर घेतो’ म्हणणारे खरोखर दचकतात. तिसरा प्रश्न ‘एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा’ असा आहे. मी विचारतो, ‘एका बसण्यात क्वार्टर किंवा जास्त किती वेळा होते?’ उत्तर लगेच येतं. क्वार्टर दोघांत होते की एकट्याची, हे मात्र विचारायला हवं. हातभट्टीला हा हिशोब लागू पडत नाही. तिथे ना ग्लास ठरलेला, ना कडकपणा. मी ग्लासांची संख्या लिहितो आणि समोर ‘अंदाजे’ लिहितो.

आता तेच काका ऑडिटवर बघा. रोज, म्हणून पहिल्या प्रश्नाचे ४. एका वेळी सहा ड्रिंक, म्हणून दुसऱ्याचे २. रोज सहा, म्हणून तिसऱ्याचे ४. तीन प्रश्नांतच १०, आणि बायको काय म्हणते हे अजून विचारलेलंही नाही. पोरगाही ऑडिटवर अगदी कोरा सुटत नाही. अपराधीपणा आणि घरच्यांची काळजी इथेही विचारतात, त्यामुळे तो ७पर्यंत जाऊ शकतो. पण कागदाकडे नजर टाकली की दिसतं : पिण्याच्या प्रश्नांचे गुण २, बाकी सगळे घरच्या तणावाचे. त्याच्याशी बोलायचं ते वडिलांबद्दल.

वेळेचं म्हणाल, तर सराव झाला की ऑडिट फार वेळ खात नाही, आणि न पिणारा पहिल्याच प्रश्नात बाजूला होतो. तेवढीही सवड नसेल तर पहिले तीन प्रश्न घ्या. त्यांनाच ऑडिट-सी म्हणतात. बारापैकी पुरुषांना ४ आणि बायकांना ३ आले की थांबून बोलायचं. केज आणि ऑडिट-सी यांतच निवडायचं असेल तरी मी दुसरीकडेच झुकेन. पूर्ण ऑडिटचा जास्तीचा फायदा म्हणजे पुढे काय करायचं ते आकड्यावरून ठरवता येतं. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटवर १२ ते १९ गुण आलेल्या पुरुषांना निवडलं, प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून त्यांचं समुपदेशन केलं, आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आमच्यासारख्यांना काम करता येईल असा हा टप्पा केजच्या ‘हो-नाही’तून वेगळा काढता येत नाही. २० आणि वर आले की मी तज्ज्ञांकडे पाठवतो.

प्रश्नावली कुठलीही घ्या, घरचं माणूस शेजारी बसलेलं असताना विचारू नका. बायको बाहेर गेली की ‘सणावाराला’चं ‘शनिवार-रविवार’ होतं. बायकांना तर वेगळं बसवूनच विचारावं, आणि ‘बाई असून काय विचारता’ या भीतीने वगळू नये.

माणूस पुन्हा आल्यावर काय बदललं हे बघायचं असेल तर केजचा उपयोग होत नाही, कारण ‘आयुष्यात कधी’चं उत्तर एकदा ‘हो’ झालं की ‘हो’च राहतं. ते काका आता फक्त शनिवारी घेतात. त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे ४चे ३ झाले आहेत. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि पुढची तारीख दिली.