२,१८० पौंड पेलणारा ट्रक आणि ३५ फुटी फिफ्थ व्हील: आमचे ३२,६१३ डॉलर कसे गेले

इथे अमेरिकेत फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकने ओढायचं चाकांवरचं घर, घेतला आणि डीलरलाच परत दिला. त्यात नऊ आठवड्यांत ३२,६१३ डॉलर आणि २२ सेंट गेले. आकडा सेंटपर्यंत देतेय, कारण "झालं असेल थोडंफार नुकसान" हे ऐकून घ्यायची ताकद आता उरलेली नाही. डीलरचं आणि राज्याचं नाव लिहीत नाही, वकिलाने तसं बजावलंय. बाकी जसं झालं तसं लिहिते. उन्हाळा तोंडावर आलाय, आणि इथल्या मंडळातल्या तीन घरांतून "यंदा फिफ्थ व्हील घ्यायचाच" हे माझ्या कानावर आलंय.

घ्यायला निघालेल्यांना फिफ्थ व्हील म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: याचा हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, मागच्या बंपरला नसतो, पिकअपच्या बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात), जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर असतो. त्यामुळे ट्रेलर रस्त्यावर झुलत नाही, पण त्याच्या पुढच्या भागाचं वजन थेट ट्रकच्या पाठीवर बसतं. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचा भार हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पडतो. फिफ्थ व्हीलचं पिन वेट, म्हणजे जोडणीच्या पिनवर पडणारा तोच भार, सामान भरल्यावर २० ते २५ टक्के. आम्हाला लुबाडलं ते या फरकात.

आमचा ट्रक पाऊण टनी (हे ट्रकच्या वर्गाचं नाव, वजन नव्हे), डिझेल, चार दारांची क्रू कॅब, पावणेसात फुटी बेड. विकणाऱ्याचा पहिला प्रश्न होता, "तुमचा ट्रक किती ओढतो?" कंपनीच्या तक्त्यात फिफ्थ व्हीलसाठी १५,००० पौंड. तो म्हणाला, मग १४,००० चा आरामात जाईल. ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. आपल्याकडे बैलगाडीत पुढे माल जास्त झाला की गाडी धुराजड झाली म्हणतात, बैल कितीही ताकदीचा असला तरी मान दबते. ट्रकचं अगदी तसंच आहे. इंजिन १५,००० ओढेल, पण मागचा अ‍ॅक्सल, स्प्रिंगा आणि टायर किती पेलतील हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं एकच वाक्य. आमच्या स्टिकरवर २,१८०.

तो स्टिकर त्याने स्वतः दार उघडून दाखवला, हे मला सगळ्यात जास्त लागलंय. दाराशी उभा राहून बोट ठेवलं, २,१८०. दुसऱ्या हातात ब्रोशर, हिच वेट, म्हणजे पिन वेटच, १,९८०. "बघा, २०० पौंड शिल्लक." दोन्ही आकडे छापील, दोन्ही खरे. ब्रोशरमधल्या आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'ड्राय' लिहिलेलं होतं. ड्राय म्हणजे कारखान्यातून निघालेला रिकामा ट्रेलर. पाणी नाही, बॅटऱ्या नाहीत, डीलरने चढवलेला दुसरा एसी नाही, भांडी, गाद्या, कपडे काही नाही. आणि बॅटऱ्या, गॅसची नळकांडी, मोठा सामानाचा कप्पा हे सगळं फिफ्थ व्हीलमध्ये पुढे असतं, म्हणजे पिनवर. मग तो हिच स्वतः १८० पौंडांचा, आणि ट्रकमध्ये बसणारे आम्ही चौघं ५९०. त्या २०० पौंडांत तर घरातली दोन मोठी माणसंसुद्धा बसत नव्हती! हे त्या क्षणी दाराशी उभं राहून दहा सेकंदांत कळायला हवं होतं. नाही कळलं. बारा वर्षं हाच धंदा करणारा माणूस समोर हिशोब मांडून दाखवतो तेव्हा पहिल्यांदा घेणारा माणूस विश्वासच ठेवतो, आणि त्यात आमचं काही चुकलं असं मी अजूनही मानत नाही.

ट्रेलर ताब्यात घ्यायच्या दिवशी मात्र चुकलं. ट्रेलर पिनवर बसला आणि ट्रकची मागची बाजू साडेतीन इंच खाली गेली. टायर आणि वरच्या कमानीमधली फट आधी वीतभर होती, ती चार बोटांनी कमी झाली. संध्याकाळ होती, हेडलाइट समोरच्या झाडांच्या शेंड्यावर पडले. तिथला मेकॅनिक वाकून बघत म्हणाला, "एअर बॅग लावून घ्या, सरळ होईल." म्हणजे मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या. ४८० डॉलर आणि दोन तास. नाक मुठीत धरून आम्ही ते दिले. (ते वरच्या एकूण आकड्यात धरलेले नाहीत.) एअर बॅगने ट्रक सरळ दिसतो, पेलायची क्षमता एक पौंडाने वाढत नाही. अ‍ॅक्सल तोच, चाकं तीच, दारावरचा स्टिकर तोच. डीलरचाच माणूस ट्रक बसल्याचं कबूल करतोय आणि आम्ही हमी मागायच्या ऐवजी कार्ड काढतोय. त्या दिवशी ट्रेलर तिथेच सोडून निघालो असतो तर!

सहाव्या आठवड्यात ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, गेलो. ही तपासणी प्रत्येकाने करा, वीसेक डॉलरच्या आत होते. ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल पहिल्या फळीवर, मागचा दुसऱ्या, ट्रेलरची चाकं तिसऱ्या फळीवर. एकदा सगळं जोडून, मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून फक्त ट्रक, त्याच माणसांसकट. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमचं खरं पिन वेट. आमच्या पावत्या अशा: एकटा ट्रक ८,६७५. जोडल्यावर ट्रकचे दोन अ‍ॅक्सल मिळून ११,४३५. म्हणजे पिन वेट २,७६०, ब्रोशरपेक्षा ७८० जास्त. ट्रेलरची चाकं १०,४००, म्हणजे ट्रेलर एकूण १३,१६०, पिन बरोबर २१ टक्के. ट्रकला भारासकट एकूण परवानगी १०,०००. आम्ही १,४३५ पौंड वर. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ६,२००, त्यावर ६,७००. ट्रेलर स्वतःच्या मर्यादेत होता, त्यामुळे ट्रेलरचा स्टिकर बघून काही कळत नाही.

आता पैसे. ट्रेलर ६४,९००. वाहतूक आणि तयारी २,३९५. कागदपत्रं ४९९. हिच आणि बेडमधल्या पट्ट्या बसवून २,१५०. वाढीव सर्व्हिस करार ४,८९५. टायर संरक्षण १,२९५. टॅक्स आणि रजिस्ट्रेशन ४,३६६. एकूण ८०,५००. रोख १६,५०० भरले, ६४,००० चं कर्ज, २४० महिने, ८.९९ टक्के, हप्ता ५७५.४१. दोन हप्ते भरले, १,१५०.८२. त्यातले मुद्दलात किती गेले माहितेय? १९२ डॉलर ६० सेंट. नवव्या आठवड्यात तोच डीलर परत घ्यायला तयार झाला, ४४,००० ला. बँकेचे शिल्लक ६३,८०७.४०. मधले १९,८०७.४० आम्ही भरले. सर्व्हिस करार साठ दिवसांच्या आत लेखी रद्द केला म्हणून ४,८४५ सुटले, तेही आमच्या हातात नाही, कर्जखात्यात. हे करार मुदतीत रद्द करता येतात ही गोष्ट डीलर तुम्हाला सांगणार नाही, करारातलं रद्द करायचं कलम स्वतः शोधा.

सहीच्या खोलीत ३१ सह्या झाल्या. त्यातल्या एका कागदावर लिहिलेलं होतं की ट्रक आणि ट्रेलर एकमेकांना योग्य आहेत की नाही हे ठरवायची जबाबदारी खरेदीदाराची, डीलरने तोंडी काहीही सांगितलं असलं तरी. दुसऱ्यावर, भांडण झालं तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं. या दोन कागदांनी आमचे हात बांधले. असा कागद समोर आला की पेन खाली ठेवा. आणि "तीन दिवसांत परत करता येतं" ही समजूत डोक्यातून काढून टाका. तो नियम दारावर येऊन किंवा तात्पुरत्या जागी विकणाऱ्यांसाठी आहे, शोरूममध्ये जाऊन घेतलेल्या गाडीला लागू नाही. आम्हीही दुसऱ्या दिवशी त्याच भरवशावर निर्धास्त झोपलो होतो.

मग सुरू झाली दारोदार. राज्याच्या ग्राहक संरक्षण कार्यालयात तक्रार, सोबत वजनाच्या पावत्या, ब्रोशर, स्टिकरचे फोटो. अकरा आठवड्यांनी उत्तर आलं, चार ओळींचं: डीलरला तुमचं पत्र पाठवलं, त्यांनी सही केलेला कागद दाखवला, प्रकरण बंद. अकरा आठवडे त्यांनी काय केलं? पोस्टमनचं काम. डीलरचा परवाना बघणारा विभाग म्हणाला, वस्तूत दोष नाही, मग आमचा विषय नाही. वाहन सुरक्षेच्या केंद्रीय खात्याकडे लिहिलं, तिथेही तेच, दोष असेल तर कळवा. अरे, ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर मर्यादेपेक्षा ५०० पौंड जास्त घेऊन दोन लहान मुलांसकट हायवेवर धावायला विकणाऱ्याने पाठवलं, यात सुरक्षेचा प्रश्न नाही? लेमन लॉचं, म्हणजे सदोष गाडीसाठीच्या ग्राहक कायद्याचं, विचारलं, तर तो दोषासाठी, चुकीच्या मापासाठी नाही. बँक म्हणाली, कर्ज तुम्ही मागितलंत. विमा कंपनीला लेखी विचारलं, मर्यादेपेक्षा जास्त भार असताना अपघात झाला तर दावा द्याल का? फोनवर गोड बोलले, लेखी उत्तर आजतागायत नाही. प्रत्येक खिडकीवरून पुढच्या खिडकीकडे बोट. मालवाहू ट्रकवाल्याला वजनासाठी रस्त्यात अडवतात, दंड करतात. घरच्यांना घेऊन १३,००० पौंड ओढणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि त्याला ते विकणाऱ्याला तर मुळीच नाही. वकिलाची पहिली भेट ३५० डॉलर, सल्ला एकच: लवादात जेवढा खर्च होईल तेवढं परत मिळेलच असं नाही.

मापाचा हिशोब उलटा करा, ट्रकपासून सुरू करून. आमचंच उदाहरण: २,१८० मधून माणसं ५९०, हिच १८०, बेडमधलं सामान ८५ वजा केलं की पिनसाठी उरतात १,३२५. त्याला ०.२२ ने भागा, सुमारे ६,००० पौंड. एवढ्या वजनाचा चौघांना पुरेल असा फिफ्थ व्हील शोधून दाखवा! तोच १८० चा हिच काढून त्या जागी वजन वाटून देणाऱ्या हिचचे शंभरेक पौंड धरले आणि १३ टक्क्यांचा हिशोब केला तर १०,८०० च्या आसपासचा ट्रॅव्हल ट्रेलर बसतो. म्हणजे पाऊण टनी डिझेलवाल्या चौकोनी कुटुंबाला बहुतेक वेळा फिफ्थ व्हील हे मापच चुकीचं आहे. डिझेल इंजिन जड असतं, ते वजन तुमच्याच पेलोडमधून, म्हणजे स्टिकरवरच्या पेलायच्या आकड्यातून, जातं, त्यामुळे त्याच ट्रकच्या पेट्रोल मॉडेलचा स्टिकर जास्त भरतो. फिफ्थ व्हीलच हवा असेल तर आधी एक टनी ट्रक बघा, मोठा हवा असेल तर मागे चार चाकांचा. १०,००० पौंडांच्या वरच्या ट्रकवर हे पेलोडचं वाक्य छापलेलं नसतं. तिथे ट्रकची कमाल मर्यादा घ्या आणि टाकी भरून काट्यावर केलेलं वजन त्यातून वजा करा.

ट्रेलरचं ड्राय वजन हिशोबात घेऊच नका, कमाल वजन घ्या. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड, ६० गॅलनची टाकी म्हणजे ५०० पौंड.

लांबीतही तोच खेळ. आमच्या मॉडेलच्या नावात ३१ होतं, टेपने मोजला तर ३५ फूट ७ इंच. नावातला आकडा लांबी नसते. योसेमिटी नॅशनल पार्कच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला २४ फुटांची मर्यादा आहे, मोटरहोमला ३५. आमचं तिथलं बुकिंग ३१ धरून होत नव्हतंच, ३५ चं तर बोलायलाच नको. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहन जात नाही, ट्रक धरून. क्रू कॅब आणि आठ फुटी बेडचा पिकअप एकटाच २२ फुटांच्या वर भरतो, म्हणजे ट्रेलर खाली कॅम्पवर सोडला तरी तो रस्ता नाहीच. उंचीही बघा, बरेच फिफ्थ व्हील १३ फुटांच्या आसपास असतात. आधी कुठे राहणार त्या जागांच्या मर्यादा लिहून काढा, मग शोरूममध्ये पाय ठेवा.

लायसन्स राज्याप्रमाणे बदलतं. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांच्या वरच्या फिफ्थ व्हीलला नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं. टेक्ससमध्ये ट्रक-ट्रेलरची मिळून मर्यादा २६,००० च्या वर गेली आणि त्यात ट्रेलर १०,००० च्या वरचा असला की लागतं. डीलर विचारत नाही.

आखूड बेड असेल तर मागेपुढे सरकणारा हिच घ्या. आम्हाला स्थिर विकला, आणि काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेपासून हातभर अंतरावर यायचा.

टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते कळतं: त्यातले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नव्या ट्रेलरलाही जुने टायर निघतात.

विकणाऱ्याकडून एकच गोष्ट लेखी मागा: "या ट्रकच्या या स्टिकरवर, इतकी माणसं बसवून, भरलेला हा ट्रेलर मर्यादेत राहील." सही करत नसेल तर उठा. आमचा ट्रेलर परवा त्याच डीलरच्या साइटवर दिसला. पुढच्या पट्टीवरचा ओरखडा तोच आहे. किंमत ५८,९००, आणि खाली ठळक अक्षरात, 'पाऊण टनी ट्रकला चालेल'. हिच वेटच्या रकान्यात १,९८०. तुमच्या आसपास कुणी ३५ फुटी, दोन एसीचा, मॉडेलच्या नावात ३१ असलेला वापरलेला ट्रेलर बघत असेल तर त्यांना ही पिनची खरी पावती सांगा: २,७६०.