दुर्लक्षित कॉलेज संघाचा हेड कोच की मजबूत संघाचा असिस्टंट?

अमेरिकेत कॉलेज बेसबॉलच्या कोचिंगमध्ये काही हंगाम घालवले की कधी ना कधी हा पेच समोर उभा राहतो. एका कॉलेजचा संघ वर्षानुवर्षं तळाला आहे, आधीचा कोच सोडून गेलाय आणि हेड कोचची जागा रिकामी आहे. दुसरीकडे एका नावाजलेल्या संघात असिस्टंटची जागा मिळतेय. माझं मत आधीच सांगतो. तो संघ किती सामने हरला, यावरून निर्णय घेऊ नका. त्याच्याकडे दुर्लक्ष कोणी केलं आणि ती व्यक्ती आजही त्याच खुर्चीत बसली आहे का, हे पाहा.

कामाचं स्वरूप

असिस्टंटच्या वाट्याला बहुधा एकच खातं येतं: पिचिंग (चेंडू टाकणं), हिटिंग (फटकेबाजी) किंवा रिक्रूटिंग (नवे खेळाडू मिळवणं). त्यात खोलवर उतरता येतं, आणि चुकलं तर सांगणारा अनुभवी माणूस शेजारी असतो. दुर्लक्षित संघाच्या हेड कोचला हे सुख नाही. बसची सोय, फाटक्या जाळ्या, खेळाडूंचे मार्क, देणगीदारांना फोन हे सगळं उरकल्यावर सराव. त्यातही एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तरात हंगाम चालू असताना सराव आणि सामने मिळून आठवड्याचे २० तासच मिळतात. तिसऱ्या स्तरात, डिव्हिजन थ्रीमध्ये, तर खेळाची स्कॉलरशिपच नसते, त्यामुळे चांगल्या मुलाला बोलवायला तुमच्याकडे तुमच्या शब्दाशिवाय फारसं काही नसतं.

पिचरचे हात

माझ्या लेखी दोन्ही जागांमधला सर्वांत मोठा फरक इथे आहे, आणि मुलाखतीत याबद्दल फारसं कोणी विचारत नाही.

मजबूत संघात पिचर भरपूर असतात. एक थकला की दुसरा तयार. दुर्लक्षित संघात भरवशाचे दोन किंवा तीनच. सातव्या इनिंगला एका धावेची आघाडी आहे, बुलपेनमध्ये (राखीव पिचर तयारी करतात तिथे) कोणी नाही, आणि माउंडवरचा, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरचा, मुलगा म्हणतो, 'कोच, मी टाकतो.' त्या क्षणी त्याला बाहेर काढण्याची हिंमत तुमच्यात हवी. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक सूचनांमध्ये १९ ते २२ वयोगटासाठी दिवसाला जास्तीत जास्त १२० पिच (टाकलेले चेंडू) ही मर्यादा आहे. पिचच्या संख्येनुसार विश्रांतीचे दिवसही दिले आहेत. कोपराचा अस्थिबंध फाटला तर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केलेली शस्त्रक्रिया आज उपलब्ध आहे, पण पुन्हा पिचिंग करायला साधारण वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. कॉलेजात जेमतेम चार हंगाम खेळणाऱ्या मुलासाठी हे फार मोठं नुकसान आहे.

त्यात मैदानाची भर. माउंड १० इंच उंच असतो. पिचरचा पुढचा पाय जिथे पडतो तिथे खड्डा होत जातो, आणि तो चिकणमातीने भरून, ओला करून, ठोकून पुन्हा पुन्हा बुजवावा लागतो. हे टाळलं की पाय नीट टेकत नाही, लय बिघडते आणि ताण खांद्या-कोपरावर येतो. म्हणून कॉलेज पाहायला गेलात की ऑफिसच्या आधी माउंड पाहा. तिथली काळजी कोण घेतो, हे तिथेच कळतं.

पगार आणि खुर्ची

यावर फार लिहिण्यासारखं नाही. हेड कोच म्हणून नाव लागतं, पण हरलात तर तेही तुमच्याच नावावर. असिस्टंटची खुर्ची हेड कोचच्या खुर्चीला बांधलेली असते. तो गेला की बहुधा तुम्हीही गेलात.

दोन्ही वाटा चाललेली माणसं

रॉन फ्रेझर १९६३ मध्ये मायामी विद्यापीठात बेसबॉलचे हेड कोच म्हणून आले तेव्हा द्यायला स्कॉलरशिपही नव्हत्या. पैसा त्यांनी स्वतः उभा केला. एकदा तर थेट मैदानाच्या आतल्या भागात, इनफिल्डवर, टेबलं मांडून ताटामागे ५,००० डॉलरची मेजवानी दिली. राष्ट्रीय विजेतेपद १९८२ मध्ये आलं, म्हणजे १९ वर्षांनी, आणि दुसरं १९८५ मध्ये. त्यांच्या हाताखाली असिस्टंट होते स्किप बर्टमन. १९८४ च्या हंगामापासून बर्टमननी एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा) संघ घेतला. हा संघ तोवर एकदाही कॉलेज वर्ल्ड सीरिजला, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम स्पर्धेला, पोहोचला नव्हता. १९८६ मध्ये तो तिथे गेला आणि १९९१ ते २००० दरम्यान पाच विजेतेपदं जिंकला. बर्टमन कामाला लागले तेव्हा अशा संघाची उभारणी त्यांनी आतून पाहिलेली होती. म्हणून असिस्टंटची वर्षं मला वाया गेलेली वाटत नाहीत.

मग काय निवडायचं?

कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाला, ॲथलेटिक डायरेक्टरला, तीन गोष्टी विचारा. मैदानाचं बजेट कोणाच्या हातात आहे? दुखापती पाहणारा ट्रेनर प्रत्येक सरावाला हजर असेल का? पहिली दोन वर्षं हरलो तर माझ्या पाठीशी कोण उभं राहील? उत्तरं करारात लिहून मिळत असतील तर हेड कोचची जागा घ्या, संघाने मागच्या हंगामात जेमतेम सामने जिंकले असले तरी. आणि घेतल्यावर ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) नवी मुलं आणून जुन्यांना घरी पाठवण्याची घाई करू नका. मोडक्या मैदानावरही जी मुलं टिकली, त्यांना निदान एक हंगाम नीट कोचिंग मिळायला हवं, ते त्यांचं घेणं आहे.

आश्वासनं तोंडीच राहत असतील, किंवा स्वतः कधी पिचरचं वेळापत्रक आखलं नसेल, तर असिस्टंटची जागा घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात पिचिंग कोचला सांगा की बुलपेनची नोंदवही, कोणी किती चेंडू टाकले त्याची, तुम्ही सांभाळाल.