चुडतांची कुट्टी करून देणारं मशीन: आमच्या कुळागरातला दोन वर्षांचा अनुभव

कुळागर, म्हणजे माड-पोफळीची आमची गोव्याकडची मिश्र बाग, असलेल्यांसाठी लिहितेय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या भागात आता ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं श्रेडर मशीन भाड्याने येतं, बागेतच उभं राहून चुडतं (माडाच्या झावळ्या), पोफळीची झापं, विरी (झापाच्या बुडाची रुंद साल), केळीचे सुके खांब सगळं बारीक करून देतात. मी ही सर्विस सलग दोन वर्षं घेतली. 5 पैकी 4 देईन, आणि एक का कापला तेही सांगते.

आमचे माड 60, पोफळी चारेकशे, मधेमधे केळी, जायफळ, मिरी. एका माडाची वर्षाला साधारण 12 चुडतं पडतात, म्हणजे नुसती माडांचीच सातशेच्या वर. आई पूर्वी चुलीला आणि न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या हंड्याखाली) घालायची, आता गॅस आला, गीझर आला, मग चुडतांचा कोपऱ्यात ढीग आणि उन्हाळा आला की काडी. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले ना, त्यानंतर बागेत काडी ओढायला माझा हातच धजेना. आणि खरं म्हणजे झाडाने जमिनीतून घेतलेलं आपण जाळून टाकतो आणि वर खताच्या गोणी विकत आणतो, हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तर मशीन. तासाला 700 रुपये, दोन माणसं त्यांचीच, आमचं काम सहा तासांत झालं. अगदी ओली चुडतं घातली की धागे ड्रमला गुंडाळतात आणि मशीन अडकतं, फार सुकी घातली तर नुसती धूळ उडते. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "ताई, पाडेली (नारळ पाडणारा) येऊन गेल्यावर आठवडाभर तशीच पडूं देत, मग बोलवा." दुसऱ्या वर्षी तसंच केलं आणि एकदाही अडकलं नाही. कुट्टी बोटाएवढ्या तुकड्यांची येते, देठाकडचा जाड भाग मात्र थोडा मोठाच राहतो.

आता ती टाकायची कशी हे महत्त्वाचं. आळ्यात चार बोटं जाडीचा थर, पण बुंध्याला चिकटवायचा नाही, वीतभर मोकळं सोडायचं. मातीत मिसळायची नाही, वरच ठेवायची, कारण कच्ची कुट्टी मातीत गेली की ती कुजताना नत्र ओढून घेते आणि झाडं पिवळी पडतात. आम्ही वरून जीवामृत शिंपडलं, 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आणि एक, कुट्टीचा मोठा ढीग करून ठेवू नका हो! कुजणाऱ्या ढिगात गेंडा भुंगा अंडी घालतो आणि मोठा होऊन माडाच्याच कोंबात शिरतो. पहिल्या वर्षी उरलेली कुट्टी शेणाच्या खड्ड्याशेजारी ठेवली होती, ऑगस्टमध्ये उकरली तर अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, सगळा ढीग पसरून कोंबड्या सोडल्या तेव्हा सुटलो.

फरक विचाराल तर पहिल्या वर्षी फारसा नाही, उगाच खोटं कशाला सांगू. दुसऱ्या पावसात मात्र पाटातून वाहणारं पाणी बघून मी छत्री घेऊन तिथेच उभी राहिले. आमची जांभ्याची माती, दर जुलैत पाट लालभडक व्हायचा, त्या वर्षी पाणी जवळजवळ नितळ. ऑक्टोबरात थर हाताने बाजूला केला तर खाली काळसर भुसभुशीत माती, पांढऱ्या बुरशीचे धागे, गांडुळं, आणि तो पहिल्या पावसाचा वास. एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी पाणी सोडावं लागायचं ते पाचव्या दिवसावर आलं, आणि विहीर आटत येते त्या महिन्यात हे दोन दिवस किती मोठे असतात ते बागायतदारालाच कळेल.

आता कापलेला एक. शनिवारी येतो म्हणून बुधवारी आले, तेही फोनवर फोन केल्यावर. आणि पहिल्या वर्षी मशीन आलं तेव्हा ड्रममध्ये आधीच्या बागेचा चुरा तसाच चिकटलेला. कुणाच्या बागेत काय रोग आहे आपल्याला काय माहीत, कोळेरोगाने गळलेली सुपारी त्यात गेली असेल तर? मी तिथेच पाइप लावून धुवायला लावलं, त्यांना ते आवडलं नाही, पण धुतलं. तुम्हीही धुवूनच घ्या, आणि स्वतःच्या बागेतला रोगट माल वेगळा काढा, मशीनमध्ये घालू नका.

मे महिन्यात सगळ्यांनाच एकदम मशीन हवं असतं आणि वळवाचा पाऊस पडला की ट्रॅक्टर बागेत उतरत नाही. फेब्रुवारीतच बोलून ठेवा, पाडेलीची तारीख आधी पक्की करा. शेजारच्या काकांनी आणि मी यंदा एकाच दिवशी बोलावलंय, येण्याजाण्याचं भाडं अर्धं अर्धं पडेल.