कुंडीतले कँडीटफ्ट : बी चोख, पाकीट अर्धवट

कँडीटफ्ट या फुलझाडाच्या मिश्र रंगांच्या बियांचे जे पाकीट मी या हंगामात वापरले, त्यातील बियांविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पाकिटावर जे छापले आहे त्याविषयी, आणि जे छापायला हवे होते पण छापलेले नाही त्याविषयी. ‘कुंडीसाठी उत्तम’ हा त्यावरचा दावा मात्र खरा आहे. कमी उंची, आटोपशीर पसारा आणि फुलांनी पूर्ण झाकले जाणारे रोप, असे तिन्ही गुण एकत्र असलेली हंगामी फुलझाडे फार नाहीत.

पहिला आक्षेप छायाचित्राबद्दल. पाकिटाच्या दर्शनी बाजूला कुंडीच्या काठावरून खाली ओघळणारा, पांढऱ्याशुभ्र फुलांचा दाट गालिचा दाखवला आहे. तो ‘इबेरिस सेम्परव्हिरेन्स’ या बहुवर्षायू, सदाहरित जातीचा आहे. आत मात्र ‘इबेरिस उम्बेलाटा’ या एकाच हंगामात जीवनक्रम संपवणाऱ्या जातीचे बी आहे. तिची रोपे ओघळत नाहीत. ती सरळ, साधारण 20 ते 30 सेंटिमीटर वाढतात, गुलाबी, जांभळट, किरमिजी आणि पांढरी फुले देतात आणि बी धरल्यावर वाळून जातात. तिसरी जात ‘इबेरिस अमारा’ हीदेखील हंगामीच, पण तिची फुले पांढरी व सुवासिक असतात आणि फुलोरा हळूहळू लांबट होत जातो. तिन्ही जातींची शास्त्रीय नावे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्येच देऊन ठेवलेली आहेत. तेव्हा त्यांतले योग्य ते एक नाव पाकिटावर छापण्यास उत्पादकाला आता काही अडचण नसावी. बहुवर्षायू झाड मिळेल या अपेक्षेने पाकीट घेणाऱ्याच्या तोंडाला पाने पुसण्याचाच हा प्रकार आहे.

पाकिटामागच्या सूचनांमधील सर्वांत घातक सूचना म्हणजे ‘ट्रेमध्ये पेरून चार पाने आल्यावर रोपे कुंडीत हलवावीत’ ही. कँडीटफ्ट मोहरीच्या कुळातले आहे आणि या कुळातल्या अनेक हंगामी झाडांप्रमाणे त्यालाही मुळे दुखावलेली खपत नाहीत. ही सूचना पडताळून पाहावी म्हणून काही बी ट्रेमध्ये आणि काही थेट कुंडीत टाकले होते. ट्रेमधली रोपे हलवल्यानंतर बराच काळ जागच्या जागी थिजून राहिली, तर थेट पेरलेली रोपे तोवर फांद्या फोडू लागली होती. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल पुरू नये, वरून बारीक माती भुरभुरावी आणि झारीने हलके पाणी द्यावे, एवढे पुरते. हवा 15 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर दहा ते वीस दिवसांत उगवण दिसते. माझ्याकडे ती भरघोस आणि एकसारखी झाली. त्याचे श्रेय बियांना द्यायलाच हवे. मात्र त्यानंतरच्या विरळणीचा पाकिटावर उल्लेखच नाही. दोन रोपांत सुमारे 15 सेंटिमीटर अंतर न ठेवल्यास ती उंच, किडकिडीत होतात आणि वाऱ्याने आडवी पडतात. नको असलेली रोपे उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत.

कुंडी कशी असावी, याबद्दल पाकिटावर अवाक्षर नाही. उंच कुंडीपेक्षा पसरट, पण निदान 20 सेंटिमीटर खोल कुंडी या झाडाला अधिक मानवते आणि दिसायलाही शोभते. मातीची कुंडी असेल तर उत्तमच, कारण तिच्यातून ओलावा बाजूनेही उडून जातो. प्लॅस्टिकची असल्यास तळाला भोके पुरेशी आहेत ना, हे आधी पाहावे. हे झाड थोडा कोरडेपणा सहन करते, मुळाशी साचलेले पाणी मात्र अजिबात नाही. नुसत्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भर देणारे तयार मिश्रण म्हणूनच येथे जड पडते; त्यात जाड वाळू किंवा परलाइट (निचऱ्यासाठी वापरतात ते हलके, पांढरे खनिज दाणे) मिसळावे. मातीचा कल आम्लाकडे असेल तर चिमूटभर चुनखडी घालावी, कारण उदासीन ते किंचित अल्कधर्मी माती याला मानवते. खताचा हात आखडता ठेवलेला बरा. नत्र जास्त झाले की पाने गर्द होतात आणि कळ्या रुसतात.

ऊन निदान सहा तास मिळाले, तर पेरणीपासून साधारण दोन ते अडीच महिन्यांत फुले येतात, आणि इथे मात्र पाकिटातले बी पैसे वसूल करते. फूल अगदी जवळून पाहण्यासारखे असते. चार पाकळ्यांपैकी बाहेरच्या दोन मोठ्या आणि आतल्या दोन लहान असतात. गुच्छाच्या कडेच्या फुलांत हा फरक इतका ठळक असतो की संपूर्ण गुच्छालाच झालर लावल्यासारखी वाटते. रंगांचे मिश्रण मात्र समतोल नव्हते. जांभळट छटा फार, गडद किरमिजी मोजकीच. मधमाश्या आणि फुलपाखरांना त्याचे काहीच वाटत नव्हते, हा भाग वेगळा.

‘वर्षभर बहर’ हे पाकिटावरचे शब्द मात्र सरळसरळ चुकीचे आहेत. कँडीटफ्ट हे थंड हवेचे फूल आहे. उन्हाचा कडाका वाढला की बहर ओसरतो, आणि सुकलेले गुच्छ वेळेवर खुडले तरी तो थोडाच लांबवता येतो. अखंड फुले हवी असतील तर थंड मोसमातच दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने निरनिराळ्या कुंड्यांत पेरणी करावी. कोवळ्या पानांवर बारीक भोके दिसली तर ते पिसूभुंग्यांचे काम समजावे. कोबीवर्गीय भाज्यांचे काही रोग यालाही होतात, म्हणून ज्या कुंडीत आधी कोबी किंवा मुळा लावला होता, तिच्यातली माती याच्यासाठी पुन्हा वापरू नये.

पाकिटात एका घराला एका मोसमात लागेल त्यापेक्षा कितीतरी जास्त बी असते, पण एकदा फाडलेले पाकीट पुन्हा बंद करण्याची सोय नाही. उरलेले बी कागदी लिफाफ्यात घालून, वर जातीचे नाव आणि तारीख लिहून, कोरड्या व थंड जागी ठेवल्यास पुढच्या मोसमात ते उपयोगी पडते.