गंजलेल्या रनिंग बोर्डाचे ३२,८०० रुपये

३२,८०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी बायकोला तो सांगायला मला तीन आठवडे लागले. एवढे पैसे मी एका डेंटरला, म्हणजे गाडीचा पत्रा दुरुस्त करणाऱ्याला, आमच्या वॅगनआरचे गंजलेले रनिंग बोर्ड कापून नवीन पत्रा बसवायला दिले. त्याने आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वरून पुट्टी फासली.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना रनिंग बोर्ड म्हणजे काय हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण जीपला पाय ठेवायला लावतात ती फळी अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. मी म्हणतोय ती दरवाज्यांच्या खालची, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली पत्र्याची पोकळ पेटी. आतली पट्टी, बाहेरची पट्टी आणि मध्ये पोकळी. अशा गाड्यांना खाली वेगळी चासी नसते, बॉडीचा भार ही पेटीही उचलते. पंक्चर झाल्यावर जॅक लावतो तोही तिच्याच खालच्या कडेला. तिच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. आमच्या कोकणात लाल चिखल आणि पालापाचोळा ती भोकं बुजवतो, चार महिने पाणी आत साचतं, वर खारी हवा. गंज आतून बाहेर येतो. रंगाला बाहेर फोड दिसले की आत बरंच काही गेलेलं असतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. लोखंड गंजायला हवा आणि ओलावा दोन्ही लागतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. म्हणूनच हे सगळं सांगताना जीभ जड होते.

मी मूर्ख नव्हतो, घाईत होतो. गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जून २०१० मध्ये घेतलेली. २०२५ च्या जूनमध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होत होती आणि आरटीओकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं. अण्णा २०२१ मध्ये गेले. "विकून टाक" म्हणणारे पुष्कळ भेटले, पण ती गाडी मला विकायची नव्हती. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारलं, त्यांनी दोन्ही बाजूंचे ५८,००० सांगितले. एका सहकाऱ्याच्या गाडीचा बंपर हायवेलगतच्या एका शेडमध्ये सुंदर झाला होता, म्हणून मी तिकडे गेलो. इथे पहिली गोष्ट लिहून ठेवा: बंपर रंगवणं आणि रनिंग बोर्ड कापून वेल्डिंग करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकात हात चांगला आहे म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही. ज्याच्याकडे मिग वेल्डिंगचं (तार आणि गॅस वापरून पातळ पत्रा जोडायचं) मशीन डोळ्यांना दिसत नाही त्याला हे काम देऊ नका. मी मशीन दाखवायला सांगितलं नव्हतं.

१२ एप्रिल, हनुमान जयंतीचा दिवस. त्याने पेचकसाच्या मुठीने दोन्ही बाजू ठोकून पाहिल्या, डावीकडे पेचकस सरळ आत घुसवून दाखवला. म्हणाला, "सर, हे सगळं कापायला लागेल. नवीन पत्रा, झिंकचा प्रायमर, आतून मेण, वरून कोटिंग. पाच वर्षं बघायला नको." बोलणं इतकं बरोबर होतं की मला शंका घ्यायला जागाच राहिली नाही. २२,५०० ठरले. १०,००० आगाऊ दिले, तेही त्याच्या मेहुण्याच्या यूपीआयवर. "माझं खातं बंद पडलंय सर." दुकान एकाच्या नावावर आणि खातं दुसऱ्याच्या, हे दिसलं की तिथून गाडी घेऊन निघा.

१९ एप्रिलला फोन आला. बाहेरची पट्टी कापली, आतली पट्टीही गेलीय, ६,५०० जास्त लागतील. व्हॉट्सॲपवर चार फोटो आले: कापलेला पत्रा, वेल्डिंगचे टाके, राखाडी प्रायमर. मी लगेच पैसे पाठवले. ते फोटो दुसऱ्याच गाडीचे होते. ऑगस्टमध्ये मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा दरवाज्याच्या कडेला पांढरा रंग दिसला. आमची गाडी चंदेरी आहे. फोनवर, उन्हात, शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून पांढरा आणि चंदेरी यातला फरक कळतो का? मला नाही कळला. फोटो मागाल तेव्हा नंबर प्लेट त्याच फोटोत हवी असं सांगा. दुसरं काही मान्य करू नका.

२८ एप्रिलला गाडी आणायला गेलो. जे सांगायचं आहे ते खरं इथलं आहे.

गाडी चकाचक होती. दोन्ही बाजूंना खाली काळं कोटिंग, कडा सरळ, फोडांचा मागमूस नाही. मी ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला. आमच्या गाडीत त्या दरवाज्याच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी सैल झाली होती. तिची क्लिप तुटली तेव्हा अण्णांनी काळ्या इन्सुलेशन टेपने ती आतल्या कारपेटला चिकटवली होती. अण्णांना प्रत्येक गोष्टीवर तारीख टाकायची सवय, बॅटरीवर, गॅस सिलिंडरवर, औषधाच्या बाटलीवर. त्या टेपवरही पांढऱ्या खुणेच्या पेनाने लिहिलेलं होतं: १४/९/१९. ती टेप तशीच होती, अर्धी प्लास्टिकवर, अर्धी कारपेटवर. कुठे चीर नाही, कुठे उचकटलेली नाही, कडेची धूळसुद्धा तीच.

रनिंग बोर्डाला वेल्डिंग करायचं तर आतलं कारपेट उचलावंच लागतं, नाहीतर ते पेटतं. ती प्लास्टिकची पट्टी काढावीच लागते. म्हणजे टेप तुटायला हवी होती. हे कळायला डेंटर असावं लागत नाही. तापलेल्या पत्र्याला टेकलेलं कापड जळतं एवढंच त्यात आहे. मी टेप पाहिली. पाहिली एवढंच नाही, तिच्यावरून बोट फिरवलं. अण्णांचं अक्षर पाहून डोळे भरून आले, आणि माझ्या मनात आलं की माणूस किती सांभाळून काम करणारा आहे, अण्णांची टेपसुद्धा राखली. त्याला मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "आपण जुन्या वस्तूची कदर करतो सर."

हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

पुरावा माझ्या बोटाखाली होता. गाडीत जळका वास नव्हता, कारपेटवर वेल्डिंगची एक ठिणगी पडलेली नव्हती, ग्राइंडरची धूळ नव्हती. बाहेरून ठोकलं असतं तर टणटण आवाजाऐवजी मातीच्या भिंतीसारखा थप आवाज आला असता. खिशात चुंबक असतं तर ते चिकटलंच नसतं, कारण पुट्टीला चुंबक चिकटत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे डझनभर चुंबकं आहेत. एक नेलं असतं तर! मी उरलेले १२,५०० आणि कोटिंगचे ३,८०० मिळून १६,३०० रोख मोजले. रोख का, तर "बिल केलं तर सर जीएसटी लागेल". हातात आली वहीच्या पानावरची चिठ्ठी. तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना सही.

आरटीओत जूनमध्ये गाडी पास झाली. ५,००० रुपये नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर वेगळा. तपासणाऱ्यांनी चासी नंबर, दिवे, हॉर्न पाहिले. खाली वाकून कोणी पाहिलं नाही. पास झाली म्हणजे बॉडी ठीक आहे असं मी समजलो. तसं समजू नका.

त्या वर्षी पाऊस २५ मेलाच आला. ६ ऑगस्टला आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कराडला नेत होतो. कुंभार्ली घाटात डावीकडचं पुढचं चाक पंक्चर. स्टेपनी काढली, जॅक खाचेत लावला, फिरवायला लागलो. गाडी उचलली जाईना. जॅक वर जात होता आणि गाडी जागेवरच. मग ओल्या लाकडासारखा कच्च आवाज झाला आणि जॅकचं डोकं चार बोटं आत गेलं. काळ्या कोटिंगचा पापुद्रा पापडासारखा सुटला. त्यातून पुट्टीची ढेकळं पडली, मागोमाग फोमचा तुकडा आणि ओल्या कागदाचा लगदा. आई छत्री धरून रस्त्याच्या कडेला उभी होती, वय ७४. एका ट्रकवाल्याने थांबून लाकडी ठोकळा आणि त्याचा हायड्रॉलिक जॅक दिला, पुढच्या आर्मखाली, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याखाली, लावून चाक बदलून दिलं. मी वाकून त्या चाकाखाली हात घातलेला नव्हता, हे नशीब.

शेडवर गेलो तर डेंटर शांत. "सर, ते जुनं काम असेल, आधी कोणीतरी केलेलं. आमचं वरचं होतं." मी तिथे भांडलो नाही, आणि ते बरं झालं. तुम्हीही भांडू नका. गाडी घरी आणा आणि कोणाला हात लावू देऊ नका. मी परवानाधारक विमा सर्व्हेअरला ३,५०० रुपये देऊन पाहणी करवली. त्याने दोन्ही बाजूंचं कोटिंग खरवडून फोटो काढले. वेल्डिंगऐवजी पॉप रिव्हेटने (पत्रे जोडायच्या खिळ्यांनी) ठोकलेला तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर काही ठिकाणी १२ मिलिमीटर जाड पुट्टी, पाण्याची सगळी भोकं बंद. जुना गंज जसाच्या तसा. उलट, भोकं बुजल्याने जूनपासूनचं पाणी आतच राहून तो वाढलेला. म्हणजे मी काहीच केलं नसतं तर गाडी बरी राहिली असती.

आता आपल्या यंत्रणेबद्दल.

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंधरा वर्षांची गाडी, गंजणारच ना? ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, दुसऱ्या गाडीचे फोटो दाखवून माझ्याकडून ६,५०० घेतले, ही दिवाणी बाब कशी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा दखलपात्र आहे. त्यावर मला विचारण्यात आलं की तुम्ही वकील आहात का. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच द्यायला नकार. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. ४७ दिवसांनी त्याच ठाण्यातून बोलावणं आलं, त्याच टेबलावर, त्याच माणसाने जबाब घेतला आणि शेवटी तेच लिहिलं: दिवाणी स्वरूपाचा वाद. ज्याच्याबद्दल तक्रार वर पाठवली त्याच्याकडेच ती खाली येते, तर वर पाठवायची कशाला?

आरटीओत विचारलं, दोन महिन्यांपूर्वी तुम्ही पास केलेल्या गाडीत जॅक घुसतो, याला जबाबदार कोण? "बॉडीचं काम खासगी गॅरेजमध्ये झालंय, आमचा संबंध नाही." जीएसटीवाले म्हणाले, बिलच नाही तर कारवाई कशावर करू. बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ही ऑनलाइन फसवणूक नव्हे. बिल नाही म्हणून तो सुटतो, आणि बिल दिलं नाही हा त्याचाच गुन्हा आहे! हे मी चार टेबलांवर चार वेळा बोललो. चारही ठिकाणी माणसं मान डोलावून पुढच्या फाइलकडे वळली.

एका चांगल्या डेंटरकडून मी पुढे गाडी नीट करून घेतली. नऊ दिवस, ३८,५०० रुपये, प्रत्येक फोटोत नंबर प्लेट, सीट आणि कारपेट बाहेर काढलेलं मी स्वतः पाहिलं. अण्णांची टेप त्याने ब्लेडने कापली. त्यालाही मी विनंती केली की आत काय निघालं ते लिहून द्या. "सर, धंद्यातल्या माणसाविरुद्ध मी कागद देणार नाही." म्हणून सर्व्हेअर आधी बोलवा. दुरुस्ती झाल्यावर पुरावा उरत नाही.

ग्राहक आयोगात तक्रार ऑक्टोबरमध्ये दाखल केली, ई-जागृती पोर्टलवरून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही. हे सगळं खरं आहे आणि यासाठी ती जरूर करा. पण पहिली नोटीस परत आली, शेरा: "पत्त्यावर आढळले नाहीत." तो माणूस रोज सकाळी नऊ ते सात त्या शेडमध्ये बसतो! शाळेत जाता-येता मी त्याला पाहतो. त्याच्या शेडला पाटी नाही, त्यामुळे नोटिशीवर दुकानाचं नाव काय घालायचं यावरच दोन तारखा गेल्या. आता सांगतात, शेडचं नाव आणि नोंदणी तुम्ही शोधून आणा. मी ग्रामपंचायतीत गेलो, तिथे घरपट्टी मेहुण्याच्या आईच्या नावावर आहे.

गाडी देण्याआधी त्याच्या पाटीचा, शेडचा आणि त्याचा स्वतःचा फोटो काढून ठेवा. लाज वाटेल, तरी काढा.

घाटात पडलेला आणि नंतर सर्व्हेअरसमोर काढलेला सगळा ऐवज मी सिमेंटच्या पोत्यात भरून माळ्यावर ठेवला आहे. कागदाचा लगदा उन्हात वाळवला, बोळे एकेक करून उलगडले. उजव्या बाजूच्या बोळ्यात पहिल्या पानाचा वरचा कोपरा शाबूत निघाला, तारखेसकट: गुरुवार, १७ एप्रिल २०२५. त्या दिवशी गाडी पाच दिवसांपासून त्याच्याच शेडमध्ये होती. "आधी कोणीतरी केलेलं जुनं काम" असं म्हणणाऱ्यासमोर मला तो कागद ठेवायचा आहे. त्याची एक प्रत सर्व्हेअरच्या अहवालाला जोडली आहे, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत अण्णांच्या कापलेल्या टेपसोबत आहे. पुढची तारीख २१ एप्रिलची आहे. त्या दिवशी शाळेत परीक्षा असल्यामुळे अर्ध्या पगारी रजेचा अर्ज दिला आहे.